लोकप्रतिनिधीचा हिशेब

मुळशी तालुक्यातील जांबे हे गाव हिंजवडी-मारुंजीच्या शेजारचे. २००९ पासून मुळशी तालुका भोर विधानसभा मतदारसंघात आणि त्याद्वारे बारामती लोकसभा मतदारसंघात मोडतो. मतदानाच्या दिवशी जांब्याचा माणूस शाळेपुढच्या रांगेत उभा राहतो, बोटाला शाई लावून घेतो आणि घरी जातो. पुढच्या पाच वर्षांत त्याने निवडलेला माणूस दिल्लीत काय करतो, कोणत्या ठरावावर 'होय' म्हणतो आणि कोणत्यावर 'नाही', हे मात्र त्याला बहुधा ठाऊक नसते. गावात सभामंडप झाला की नाही, यावरून तो आपल्या खासदाराची परीक्षा करतो. वाण्याकडे बाकी किती राहिली याची वही ठेवणारे आपण लोक. आपल्या मताची वही मात्र ठेवीत नाही. ही वही ठेवण्याची कल्पना आपल्याकडे कोठून आली आणि ती ठेवावी कशी, याचा थोडा विचार आम्ही येथे करणार आहोत.

ही कल्पना परकी नाही. २ एप्रिल १८७० रोजी पुण्यात सार्वजनिक सभा स्थापन झाली. पर्वती संस्थानच्या कारभाराविषयीच्या तक्रारींतून तिचा उगम झाला होता. गणेश वासुदेव जोशी, म्हणजे आपले सार्वजनिक काका, यांनी तिला असे वळण लावले, की सभासद व्हायचे तर किमान पन्नास लोकांनी सही केलेले मुखत्यारपत्र आणावे लागे. सुमारे सहा हजार लोकांच्या वतीने पंचाण्णव सभासद सभेत बसले. ना कायद्याने दिलेला मताधिकार, ना मतपेटी. पण प्रतिनिधी म्हणजे मुखत्यार, ही गोष्ट त्या कागदाने सांगितली. मुखत्याराला अधिकार मिळतो तो दुसऱ्याचा, आणि दुसऱ्याच्या अधिकाराचा हिशेब द्यावाच लागतो. पुढच्या साऱ्या विवेचनाचे बीज आम्हांस येथे दिसते.

त्या काळी सरकारी कौन्सिलात लोकांचा मनुष्य जवळजवळ नव्हताच. १८६१ च्या कायद्याने नेमलेले सभासद आले. १८९२ च्या कायद्याने प्रश्न विचारण्याची आणि अंदाजपत्रकावर बोलण्याची मुभा मिळाली. अंदाजपत्रकावर मत देण्याची नाही. अशा कौन्सिलातही सभासदाचे वागणे कसे वाचावे, याचा एक धडा १९०१ साली मिळाला. मुंबई कौन्सिलापुढे जमीन महसूल कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक होते. साऱ्याच्या थकबाकीपोटी सरकारजमा झालेली जमीन शेतकऱ्याला पुन्हा द्यायची, पण ती विकण्याचा वा गहाण टाकण्याचा हक्क द्यायचा नाही, असा तिचा आशय होता. विधेयक लांबणीवर टाकण्याची सूचना फेटाळली गेली, तेव्हा फिरोजशहा मेहता सभागृहातून उठून गेले. गोपाळ कृष्ण गोखलेही त्यांच्याबरोबर बाहेर पडले. विधेयक मंजूर झाले. आता कोणी नुसती मतांची यादी चाळील, तर हे दोघे तिच्यात दिसणार नाहीत. त्यांना गैरहजर म्हणणे मात्र अन्यायाचे होईल. यादी खरी असते, पण ती भाषणांसोबत वाचावी लागते.

दुसरे उदाहरण याहून मोठे आहे. १६ मार्च १९११ रोजी गोखल्यांनी वरिष्ठ कायदेमंडळात प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले. मागणी किती माफक होती पाहा. ज्या नगरपालिकेच्या किंवा जिल्हा बोर्डाच्या हद्दीत शाळेत जाणाऱ्या मुलांचे प्रमाण आधीच बऱ्यापैकी आहे, तिला सरकारच्या संमतीने सहा ते दहा वर्षांच्या मुलग्यांचे शिक्षण सक्तीचे करता यावे, एवढेच. मार्च १९१२ मध्ये ते निवड समितीकडे पाठवावे की नाही यावर मतविभागणी झाली. बाजूने १३, विरुद्ध ३८. सरकारी सभासदांचे पारडे जड होते, हे उघड आहे. पण कार्यवृत्तात दोन्ही बाजूंची नावे छापली गेली. त्यामुळे आज शंभरांहून अधिक वर्षांनीही आपण म्हणू शकतो, की हे तेरा या बाजूला होते. हरलेल्या मताची नोंद फुकट जात नाही. १९१८ मध्ये विठ्ठलभाई पटेलांच्या विधेयकाने मुंबई इलाख्यातील नगरपालिकांना सक्तीच्या शिक्षणाचा अधिकार मिळाला. २००२ मध्ये घटनेत शिक्षणाचा मूलभूत हक्क आला आणि त्याचा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला.

आणि जेथे विचारायला प्रतिनिधीच नसतो तेथे काय होते? त्याचे उत्तर मुळशीनेच दिले आहे. टाटांच्या धरणासाठी खोऱ्यातील जमिनी जाऊ लागल्या, तेव्हा मावळ्यांनी १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, सत्याग्रह सुरू केला. सेनापती बापट आणि विनायकराव भुस्कुटे त्यांच्या पाठीशी होते. त्या वेळी ठरावीक मिळकत वा सारा असणाऱ्यांनाच मत होते आणि काँग्रेसने १९२० च्या निवडणुकांवर बहिष्कार घातला होता. ज्याच्या हाती मतपत्रिका नाही तो बांधावर जाऊन बसतो. लढा १९२४ पर्यंत चालला. धरण झाले, गावे पाण्याखाली गेली. जांबे त्या पाण्यापासून दूर, तालुक्याच्या पूर्वेला आहे. पण आज त्या गावातील प्रत्येक सज्ञान नागरिकाच्या हाती जे मत आहे, त्याची किंमत मुळशीच्या त्या शेतकऱ्यांकडे पाहून समजते.

आता स्वतंत्र भारताकडे येऊ. लोकसभेत बहुतेक विधेयके आवाजी मतदानाने मंजूर होतात. अध्यक्ष प्रश्न मांडतात, 'होय' आणि 'नाही' असे दोन घोष होतात, आणि अध्यक्ष निर्णय जाहीर करतात. अशा वेळी कोणी काय म्हटले याची नावनिशी नोंद राहत नाही. एखाद्या सभासदाने त्या निर्णयाला हरकत घेऊन मतविभागणी मागितली, तर साडेतीन मिनिटे घंटा वाजते आणि मग मते मोजली जातात. १९५७ पासून त्यासाठी यंत्र आहे. घटनादुरुस्तीला विशेष बहुमत लागते, म्हणून तेथे विभागणी टळत नाही.

तेव्हा मतविभागणी हा नागरिकाचा आरसा आहे. १७ एप्रिल १९९९ रोजी वाजपेयी सरकार २६९ विरुद्ध २७० अशा एका मताने पडले. २० सप्टेंबर २०२३ रोजी महिला आरक्षणाची घटनादुरुस्ती लोकसभेत ४५४ विरुद्ध २ मतांनी संमत झाली. त्या दोन विरोधी मतांपैकी एक महाराष्ट्रातील, औरंगाबादच्या तत्कालीन खासदाराचे होते. मागासवर्गीय व मुस्लिम स्त्रियांसाठी आत वेगळा वाटा नाही, हे कारण त्यांच्या पक्षाने सभागृहातच सांगितले. आपल्याला ते पटो वा न पटो; मत उघड आहे, कारणही उघड आहे, आणि मतदाराला त्यावर विचार करता येतो. लोकशाहीत याहून अधिक काय मागावे?

येथे कोणी विचारील, की १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्यानंतर सभासद पक्षादेशाविरुद्ध मत देऊच शकत नाही, दिले तर जागा जाते; मग त्याचे मत पाहून काय उपयोग? शंका रास्त आहे. पक्षादेश निघाला असेल तेथे ते मत बव्हंशी पक्षाचे असते. म्हणूनच बाकीच्या नोंदींकडे वळावे लागते. हजेरीपटावर सही, तारांकित व अतारांकित प्रश्न, खासगी विधेयके, स्थायी समित्यांच्या बैठकीतील उपस्थिती, हे सारे संसदेच्या कागदांत असते आणि आज संकेतस्थळावर कोणालाही पाहता येते. २००५ मध्ये दिल्लीत स्थापन झालेली पीआरएस ही संस्था त्याची टाचणे करून ठेवते.

परंतु आकड्यांनी भुलू नये. २००५ च्या डिसेंबरात पैसे घेऊन प्रश्न विचारल्याबद्दल अकरा खासदारांना संसदेतून काढून टाकण्यात आले; त्यांत महाराष्ट्रातीलही दोघे होते. प्रश्नांची संख्या म्हणजे सेवा असे मानणाऱ्याला हा प्रसंग पुरेसा आहे. प्रश्न कोणासाठी विचारला आणि उत्तर मिळाल्यावर पाठपुरावा केला का, हे पाहावे. हजेरीचेही तसेच. मंत्री हजेरीपटावर सही करीत नाहीत, म्हणून तेथे त्यांचे नाव नाही याचा अर्थ ते घरी बसले होते असा नव्हे. शिवाय मुळात सभागृहच किती दिवस भरते? पहिल्या लोकसभेच्या (१९५२–५७) ६७७ बैठका झाल्या. सतराव्या लोकसभेच्या (२०१९–२४) २७४. शंभर टक्के हजेरीचा अर्थ या दोन काळांत सारखा कसा असेल?

ही नोंद आपल्यापर्यंत पोचते, तीही आपोआप नाही. इंग्लंडात पार्लमेंटच्या मतविभागणीच्या याद्या अधिकृतपणे छापल्या जाऊ लागल्या त्या १८३६ पासून. आपल्याकडे संसदेतील कामकाजाचे सत्य वृत्त छापणाऱ्याला संरक्षण देणारा कायदा १९५६ साली फिरोज गांधींच्या खासगी विधेयकातून आला. आणीबाणीत १९७६ मध्ये तो रद्द झाला, १९७७ मध्ये पुन्हा आला, आणि १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने त्या संरक्षणाला घटनेत जागा मिळाली. ज्यांना हिशेब द्यायचा नसतो, ते प्रथम वहीवर हात टाकतात, हे त्या दोन वर्षांनी आपल्याला शिकविले.

तेव्हा जांब्याच्या, किंवा कोणत्याही गावच्या, वाचनालयात एक साधी वही असावी, असे आम्हांस वाटते. प्रत्येक अधिवेशनानंतर आपल्या खासदाराचे प्रश्न, भाषणे आणि मतविभागणीतील मत तीत उतरवावे. शेजारी एक रकाना रिकामा ठेवावा, त्यात 'कारण' लिहावे. कारण कळले नाही, तर खासदाराला पत्र लिहून विचारावे. वही कोणत्याही पक्षाची नसावी, आणि ज्याला आपण मत दिले त्याचीही तितक्याच कसोशीने तपासणी व्हावी. सार्वजनिक काकांच्या वेळी पन्नास सह्या गोळा कराव्या लागत. आज सही करण्याची गरज नाही. शाई आपल्या बोटावरच लागते. ती पुसट होण्याआधी वही उघडली, तर त्या मुखत्यारपत्राचा मान राहील.