शरदाचे ताट

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत मंडळाचे संस्थापक, वास्तू, नाट्यप्रयोग आणि व्याख्यानमाला यांचा इतिहास यावा, हे उचितच होय. परंतु एवढ्या वर्षांत सभासदांना दरसाल न चुकता एकत्र आणणारी गोष्ट कोणती, असे कोणी विचारले, तर उत्तर कोजागिरीचे आटीव दूध हेच येईल. गेली काही वर्षे या दुधाभोवती एक छोटासा वादही घोटाळत आहे. दुधाबरोबर काय द्यावे, फराळ घरी करावा की बाहेरून मागवावा, आणि येथील बाजारात मिळणाऱ्या जिनसांनी केलेल्या पदार्थास 'आपला' म्हणावे की नाही? ज्येष्ठांना वाटते, मूळ चव गेली. तरुण सुना म्हणतात, मूळ चव आम्ही पाहिलीच नाही, तर ती राखणार कशी? दोहोंचेही म्हणणे आम्हांस खरे वाटते. म्हणूनच शरद ऋतूतील आपल्या घरगुती अन्नाचा इतिहास थोडक्यात चाळून पाहावा, असे आम्ही ठरविले.

पंचांगाप्रमाणे आश्विन आणि कार्तिक हे शरदाचे दोन महिने. आकाश निवळते, नद्यांचा गढूळपणा ओसरतो, पण ऊन मात्र विलक्षण तापते. या ऋतूला जुने लोक वैद्यांची माता म्हणत, ते त्यात बळावणाऱ्या विकारांमुळे. सुमारे ७ व्या शतकातील वाग्भटाने 'अष्टांगहृदया'त याचे कारण दिले आहे. पावसाळ्याच्या गारव्याला सरावलेल्या शरीरावर एकाएकी प्रखर किरणे पडतात आणि साचलेले पित्त उसळते. त्यावर त्याने सुचविलेला आहार साधा आहे : साळीचा भात, मूग, पडवळ, आवळा, मध, साखर. दिवसा सूर्याने तापविलेले, रात्री चंद्राने निवविलेले आणि अगस्तीच्या उदयाने निर्विष झालेले पाणी त्याने या ऋतूत उत्तम मानले. त्या पाण्याचे नाव 'हंसोदक'. टाळावयाच्या गोष्टींत दही, तेल आणि आकंठ जेवण ही तिन्ही आहेत. दिवाळीचा तळणाचा डबा वाग्भटाच्या पुढे ठेवला असता, तर त्याने काय म्हटले असते याची कल्पनाच केलेली बरी! कार्तिक शुद्ध नवमीला आवळीच्या झाडाखाली जेवण्याची आपली चाल मात्र त्याला खचितच आवडली असती.

वैद्यकापेक्षाही या ऋतूच्या अन्नावर अधिक सत्ता चालली ती शेताची. कोकणात हळवे भात याच सुमारास कापणीस येते. तेथे दसऱ्याला अथवा आश्विन पौर्णिमेला 'नवे' बांधतात. भाताच्या लोंब्या, नाचणीची कणसे, आंब्याची पाने आणि कुरडूची फुले एकत्र बांधून दारावर लावतात, आणि नव्या तांदळाचा नैवेद्य झाल्यावाचून घरात कोणी नवे धान्य तोंडात घालीत नाही. म्हणूनच त्या पौर्णिमेला नवान्न पौर्णिमा म्हणतात. पोहे हे या नव्या भाताचे पहिले अपत्य. भात भिजवावे, भाजावे, उखळात कांडावे, की पोहे तयार. दिवाळीच्या पहाटे अभ्यंगस्नान आटोपून, पायाखाली कारीट फोडून कोकणातील माणूस ज्या पानावर बसतो, त्यावर गूळपोहे, दूधपोहे, ताकातले पोहे, तिखट पोहे असे नाना प्रकार असतात. गोव्यात तर दिवाळी म्हणजेच 'फोव'. नारळाच्या रसातले, गुळातले आणि वाग्भटाची क्षमा मागून दह्यातलेसुद्धा! देशावर भाताऐवजी बाजरी घरात येते, आणि बाजरीच्या नव्या पिठाची भाकरी व लोण्याचा गोळा यापुढे तेथील माणसाला दुसरे पक्वान्न सुचत नाही.

कोजागिरीचा जुना विधीही हेच सांगतो. त्या रात्री लक्ष्मी 'कोण जागे आहे?' असे विचारीत फिरते, ही कथा सर्वांस ठाऊक आहे. पण धर्मशास्त्राच्या निबंधकारांनी त्या रात्रीसाठी दिलेले अन्न फारच थोड्यांना आठवते. ते म्हणजे नारळ आणि पोहे. त्यांनी देवांची व पितरांची पूजा करावी, त्यांनीच आप्तांना संतुष्ट करावे आणि आपणही तेच खावे, असे ते विधान आहे. हे 'निर्णयसिंधू'त संग्रहित करणारा कमलाकरभट्ट १६१२ च्या सुमारास ग्रंथ लिहीत होता तो काशीत. त्याचे घराणे मूळचे पैठणचे. म्हणजे आपल्या सणांचा निर्णय देणारा हा थोर ग्रंथकारही गावापासून दूर राहिलेल्या कुटुंबातलाच होता. आणि हे अन्न केवळ आपलेही नव्हे. त्याच रात्री बंगालात घरोघर लक्ष्मीपूजा होऊन नारळाचे लाडू वाटतात. मिथिलेत नवविवाहितांच्या घरी मखाणे जातात. ओडिशात कुमारपौर्णिमेला लाह्या आणि नारळ यांचा नैवेद्य होतो. चंद्र एक, जागरण एक, आणि ताटातील जिन्नसही एकमेकांच्या शेजारचे.

याच दिवसांत, सूर्य हस्त नक्षत्रात असताना, मुली हत्तीच्या चित्राभोवती फेर धरून भोंडला खेळत. त्याचा शेवट खिरापतीने होई. खिरापत महाग असावी अशी कोणाचीच अपेक्षा नसे. ती ओळखता येऊ नये, एवढीच अट. वाटली डाळ, गुळपापडी, साखरखोबरे, दाण्याचे लाडू, घरात जे असेल ते आई झाकून ठेवी. डबा हलविला की आवाजावरून चतुर मुली ताडीत, म्हणून तो गच्च भरण्याची युक्तीही होती. सामान्य घरातील मूठभर डाळीला सोहळ्याचे मोल देणारा याहून सुंदर खेळ आम्हांस ठाऊक नाही.

आता 'मूळ चवी'कडे वळू. नवरात्राच्या उपवासाचे ताट आपण पवित्र व पुरातन मानतो. पण त्यातील साबुदाण्याची खिचडी एकदा नीट निरखून पाहावी. साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो कसावा, त्यातील बटाटा, दाणे आणि मिरची ही चारही मूळची अमेरिका खंडातली. १४९८ मध्ये पोर्तुगीज जहाजे या किनाऱ्याला लागल्यानंतरच्या काळात ती हळूहळू आपल्याकडे आली. 'बटाटा' हा शब्दसुद्धा पोर्तुगीजच. आज आपण खातो तो साबुदाणा बहुतांशी तमिळनाडूतील सेलमकडचा, आणि तो उद्योगही दुसऱ्या महायुद्धात परदेशी साबुदाण्याची आवक थांबल्यावर उभा राहिला. १३ व्या शतकात यादवांचा मंत्री हेमाद्री याने 'चतुर्वर्गचिंतामणी'त व्रतांचा प्रचंड संग्रह केला, पण त्याच्या पुढे ही खिचडी ठेवली असती, तर त्यातील तूप, जिरे आणि मीठ एवढेच त्याच्या ओळखीचे निघाले असते.

फराळाचेही तेच. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या १२ व्या शतकातील 'मानसोल्लासा'त मांडे, पोळ्या, वडे आहेत. आपला तिखट चिवडा तेथे सापडावयाचा नाही. मिरची आली, बटाटा आला, मागाहून डालडा आला, साखर स्वस्त झाली, आणि प्रत्येक पिढीने त्यालाच परंपरा म्हटले. साखर सदैव मुबलक होती असेही नव्हे. रेशनच्या काळात सणाची जादा साखर कधी मिळते याकडे घराचे डोळे लागलेले असत, आणि लाडूंचा आकार त्या मापावर ठरे. तांदूळ तीन दिवस भिजवून, रोज पाणी बदलून, गुळात मळून ठेवलेले अनारशाचे पीठ कढईत हसले तर त्या बाईला अश्रू पुसावे लागत. नीट जाळी पडली, की आळीत सांगितले जाई. हे शिक्षण आधी तोंडी चाले. लक्ष्मीबाई धुरंधरांचे 'गृहिणीमित्र अथवा हजार पाकक्रिया' १९१० मध्ये आणि कमलाबाई ओगल्यांचे 'रुचिरा' १९७० मध्ये निघाले. सासूपासून शेकडो कोस दूर संसार मांडणाऱ्या मुलींना अशा पुस्तकांनी मोठाच आधार दिला.

दूर जाण्याचा इतिहास तर फारच जुना. १६७५ च्या सुमारास व्यंकोजीराजे तंजावरास राज्य करू लागले. त्यांची राणी दीपाबाई हिच्या आश्रयाने रघुनाथ पंडिताने 'भोजनकुतूहल' हा अन्नपदार्थांचा आणि त्यांच्या गुणदोषांचा ग्रंथ रचला. मराठी माणसाच्या स्वयंपाकघराविषयीचा असा मोलाचा ग्रंथ कावेरीकाठच्या राजाश्रयाने व्हावा, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे. तिकडे माळव्यात होळकरांच्या इंदुरास गेलेल्या पोह्यांवर शेव पडली, बडीशेप आली, शेजारी जिलबी बसली. आज ते इंदूरचे पोहे म्हणूनच प्रसिद्ध आहेत आणि त्याचे कोणाला वैषम्य वाटत नाही. आकाशसुद्धा सर्वत्र सारखे नसते. दिल्लीकडे कार्तिकात थंडी शिरते, तर चेन्नईला आश्विन-कार्तिकात ईशान्य मोसमी पाऊस कोसळत असतो. तेथील मराठी कुटुंबांनी कोजागिरीचे दूध कित्येकदा ढगांकडे पाहतच प्यायले असेल.

हा इतिहास पाहिल्यावर आमचे मत असे झाले आहे. पदार्थ बदलले म्हणून ज्येष्ठांनी खंत करू नये. ते नेहमीच बदलत आले. परंतु तरुणांनीही एक गोष्ट ध्यानात घ्यावी. चकली आता बारा महिने पाकिटात मिळते. वैशाखातही मिळते आणि भाद्रपदातही. जी वस्तू केव्हाही मिळते तिची वाट पाहावी लागत नाही, आणि शरदाचे सारे अन्न वाट पाहण्यावरच उभे होते. लोंबी पिकेपर्यंत थांबणे, नैवेद्य होईपर्यंत थांबणे, खिरापत ओळखेपर्यंत थांबणे, चंद्र माथ्यावर येईपर्यंत थांबणे, आणि मग सर्वांना वाढून झाल्यावर आपण घेणे. मुलांच्या हातून निसटू पाहत आहे ते हे. खिचडीतील जिन्नस पुन्हा कोणीही जमवील.

म्हणून कार्यकारिणीस आमची एक नम्र सूचना आहे. येत्या कोजागिरीस दूध हवे तर आचाऱ्याकडून आटवून घ्यावे. पोहे मात्र येथील बाजारातून नवे पाहून आणावेत. बिहारात त्यांना चूडा म्हणतात, कर्नाटकात अवलक्की, तमिळनाडूत अवल. नावावर अडू नये. नारळ मुलांकडून फोडून घ्यावेत, खोबरे त्यांच्याकडूनच खवून घ्यावे, गूळ घालून पोहे मोठ्या परातीत एकत्र कालवावेत, आणि या गावातील आपल्या शेजाऱ्यांनाही त्या रात्री बोलवावे. कमलाकरभट्टाने सांगितलेल्या आप्तांत आज त्यांचीही गणना झाली पाहिजे. त्यानंतर, ढग असोत वा नसोत, चंद्र माथ्यावर येण्याची वेळ होईपर्यंत परातीला कोणीही हात लावू नये.