रमीचा खटला आणि शंभर डावांची पुंजी

पत्त्यांचा इतिहास शोधायला लास वेगासला जायची गरज नाही. आमचं गाव जवळा बाजार, आज हिंगोली जिल्ह्यात, पण 1948 पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात. त्या संस्थानाचा जुगारबंदी कायदा 1305 फसलीचा, म्हणजे साधारण 1895 चा. त्याच कायद्याखाली सिकंदराबादच्या एका क्लबवर रमीवरून खटला झाला आणि तो थेट सर्वोच्च न्यायालयात गेला. 1967 साली निकाल लागला: 13 पत्त्यांच्या रमीत पडलेली पानं लक्षात ठेवावी लागतात, म्हणून ती मुख्यतः कौशल्याचा खेळ, तीन पत्ती मात्र निव्वळ नशीब!

पुढे ऑनलाइन पोकरवाल्यांनी हीच ढाल पुढे केली. पण पोकरमधलं कौशल्य एका डावात दिसत नाही, शेकडो स्पर्धांनंतर दिसतं. तोवर तग धरायला शहाणा खेळाडू घरखर्चापासून वेगळी पुंजी ठेवतो आणि एका स्पर्धेला तिचा जेमतेम शंभरावा हिस्सा लावतो.

2025 च्या केंद्रीय कायद्याने हा भेदच पुसला. पैसे लावून खेळायचा ऑनलाइन खेळ कौशल्याचा असो वा नशिबाचा, त्यावर बंदी. असो.

माझ्या डोक्यातून तो शंभरावा हिस्सा काही जात नाही. आमच्याकडचा कोरडवाहू शेतकरी सगळी पुंजी एकाच पावसावर लावतो. कौशल्य त्याच्याकडे भरपूर आहे. ते दिसेपर्यंत टिकायला शंभर डावांची पुंजी मात्र नाही.