वऱ्हाडातील हायस्कूल आणि त्याचा निकाल

वऱ्हाडात सरकारी हायस्कूल आले ते कापूस आणि रेल्वे यांच्या मागोमाग. १८५३ च्या तहाने निजामाने हा मुलूख इंग्रजांच्या कारभाराखाली दिला. पुढच्या दशकात अमेरिकेत यादवी पेटली, लँकेशायरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेना आणि वऱ्हाडच्या कापसाला कधी नव्हता असा भाव आला. त्याच दशकात मुंबईहून नागपूरकडे निघालेली जी.आय.पी. रेल्वे अकोला आणि बडनेऱ्यावरून गेली. कचेऱ्या, कोर्टे, तारघरे, पेढ्या वाढत गेल्या आणि इंग्रजीत अर्ज लिहिणारा, हिशेब ठेवणारा माणूस ठिकठिकाणी लागू लागला. १८६६ मध्ये वऱ्हाडचे स्वतंत्र शिक्षणखाते सुरू झाले. पूर्व वऱ्हाडचे ठाणे अमरावती आणि पश्चिम वऱ्हाडचे अकोला. या दोन गावांची हायस्कुले ही प्रांतातील इंग्रजी शिक्षणाची शेवटची पायरी होती. त्यापुढे शिकायचे तर पुणे किंवा मुंबई गाठावी लागे.

त्या काळी शाळेचा निकाल म्हणजे मुंबई विद्यापीठाच्या मॅट्रिकला उतरलेल्या मुलांची नावे. टक्केवारी काढण्याइतकी मुलेच नसत. खुद्द मुंबई विद्यापीठाच्या १८५९ मधील पहिल्या मॅट्रिकला १३२ उमेदवार बसले आणि २२ पास झाले. अशा परीक्षेत वऱ्हाडातला एखादा मुलगा पास झाला, तरी शाळेचे वर्ष सार्थकी लागले असे समजत. परीक्षा इंग्रजीतून, परीक्षक मुंबई-पुण्याकडचे आणि शाळेत शिकवणारे शिक्षकही बहुधा तिकडचेच. शिकणारी मुलेदेखील पुष्कळदा कारभाराबरोबर पश्चिम महाराष्ट्रातून आलेल्या नोकरदारांची. गावोगावच्या कुणबी, माळी शेतकऱ्यांच्या घरी कापसाचा पैसा आला होता, पण हायस्कुलाच्या हजेरीपटावर त्यांची मुले फारशी दिसत नसत. ‘वऱ्हाड सोन्याची कुऱ्हाड’ ही म्हण शेतीपुरती खरी होती; शाळेच्या बाकावर ती पोचायला अजून अर्धे शतक होते.

अकोल्याच्या हायस्कुलाचा सर्वांत गाजलेला निकाल एकाच विद्यार्थ्याचा आहे. गोपाळ गणेश आगरकर यांचा जन्म १८५६ मध्ये कऱ्हाडजवळच्या टेंभू गावी झाला. घरची गरिबी इतकी की कऱ्हाडला कचेरीत उमेदवारी आणि दवाखान्यात कंपाउंडरी करून झाली, शिक्षणासाठी रत्नागिरीची पायपीट झाली. शेवटी नातेवाइकांच्या आधाराने ते अकोल्याला आले आणि १८७५ मध्ये तिथून मॅट्रिक झाले. अकोल्यात असताना ते ‘वऱ्हाड समाचार’ या पत्रात लिहीत. डेक्कन कॉलेजात जायचे तर प्रवासाला आणि राहण्याला पैसे नव्हते. त्या वेळी विष्णु मोरेश्वर महाजनी या त्यांच्या शिक्षकांनी मदतीचा हात दिला. पुढे आगरकर बी.ए., एम.ए. झाले, १८८० मध्ये पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल सुरू करणाऱ्या मंडळींना येऊन मिळाले, ‘केसरी’चे संपादक झाले आणि अखेरीस फर्ग्युसन कॉलेजचे प्राचार्य. १८९५ मध्ये वयाच्या चाळिशीच्या आत त्यांचा अंत झाला. शिकवण्यासाठी सरकारी नोकरीचा मोह टाळणाऱ्या या माणसाची मॅट्रिक एका सरकारी हायस्कुलाच्या खात्यावर जमा आहे, ही गोष्ट गमतीची खरी.

महाजनी नुसते शाळामास्तर नव्हते. शेक्सपिअरच्या ‘सिंबेलाइन’वरून त्यांनी लिहिलेले ‘तारा’ नाटक मराठी रंगभूमीच्या इतिहासात नोंदले गेले आहे, आणि त्यांच्या विद्यार्थ्याने पुढे ‘हॅम्लेट’चे ‘विकारविलसित’ केले. इंग्रजी वर्गात मॅट्रिकच्या धड्यांपलीकडचे काही झिरपत असले पाहिजे, असा अंदाज या दोन पुस्तकांवरून बांधता येतो. महाजनी पुढे वऱ्हाडच्या शिक्षणखात्याच्या प्रमुखपदापर्यंत चढले. १९०७ च्या पुण्याच्या ग्रंथकार संमेलनाचे अध्यक्षपदही त्यांच्याकडे आले. त्यांच्याआधी त्याच खात्याचे प्रमुख श्रीराम भिकाजी जठार होते. त्या काळी एवढ्या वरच्या जागी हिंदी अधिकारी विरळाच. ‘सुदाम्याचे पोहे’ लिहिणारे श्रीपाद कृष्ण कोल्हटकर यांच्या शिक्षणाचा काही काळही अकोल्यात गेला, आणि पुढे वकिलीसाठी ते वऱ्हाडातच परतले.

अमरावतीचे वळण थोडे वेगळे होते. इथे वकिलांचे गाव वसले. गणेश श्रीकृष्ण उर्फ दादासाहेब खापर्डे, रंगनाथ नरसिंह मुधोळकर, मोरोपंत जोशी ही बारमधली नावे सार्वजनिक कामातही पुढे होती, आणि १८९७ मध्ये काँग्रेसचे अधिवेशन सर सी. शंकरन नायर यांच्या अध्यक्षतेखाली याच गावात भरले. मॅट्रिक, मग कायदा, मग कोर्ट हा रस्ता इथल्या मुलाच्या डोळ्यांसमोर रोज चालत असे. त्यामुळे हायस्कुलाचा निकाल हा शाळेचा विषय न राहता गावाच्या बैठकीचा विषय झाला.

शाळा जागची हलली नाही, पण तिचे पेपर तपासणारी गावे बदलत राहिली. १९०२ मध्ये व्हाइसरॉय कर्झनने निजामाशी कायमच्या पट्ट्याचा करार केला आणि पुढच्या वर्षी वऱ्हाड मध्य प्रांताला जोडला गेला. मध्य प्रांतातील कॉलेजे तेव्हा अलाहाबाद विद्यापीठाकडे होती, म्हणून अकोला-अमरावतीचा मुंबईशी असलेला जुना धागा ढिला झाला. १९२२ च्या कायद्याने प्रांताचे स्वतःचे हायस्कूल शिक्षण मंडळ झाले, १९२३ मध्ये नागपूर विद्यापीठ निघाले आणि त्याच वर्षी अमरावतीला किंग एडवर्ड कॉलेज उघडले. त्याचेच पुढे विदर्भ महाविद्यालय झाले. मॅट्रिक झाल्यावर वऱ्हाड सोडायची सक्ती वऱ्हाडी मुलाला तेव्हापासून उरली नाही. अकोल्याला मात्र सीताबाई कला महाविद्यालयासाठी १९४४ पर्यंत थांबावे लागले.

निकालाच्या यादीतील आडनावे बदलू लागली ती याच सुमारास, आणि त्याचे श्रेय परीक्षेपेक्षा वसतिगृहाला द्यावे लागते. पापळ गावच्या शेतकरी घरातले पंजाबराव देशमुख अमरावतीच्या हिंदू हायस्कुलात शिकले, विलायतेला जाऊन डॉक्टरेट आणि बॅरिस्टरी घेऊन परतले. अमरावतीत त्यांनी श्रद्धानंद छात्रालय काढले, ज्यात निरनिराळ्या जातींची मुले एकत्र राहत व जेवत. खेड्यातल्या मुलाची खरी अडचण बीजगणित नव्हती. अमरावतीत रात्री झोपायचे कुठे आणि दोन वेळा खायचे काय, ही होती. १९२८ मध्ये पंजाबराव जिल्हा कौन्सिलचे अध्यक्ष झाले. सक्तीच्या प्राथमिक शिक्षणासाठी त्यांनी कर वाढवला, आणि साहजिकच लोकांचा रोषही ओढवून घेतला. १९३० मध्ये ते प्रांताचे शिक्षणमंत्री झाले आणि १९३२ मध्ये श्री शिवाजी शिक्षण संस्था उभी राहिली. आज पाचही वऱ्हाडी जिल्ह्यांत तिच्या शाळा आहेत. तालुक्याच्या गावी हायस्कूल निघाले की सरकारी शाळेची मक्तेदारी संपते. वऱ्हाडात ती या संस्थेने आणि तिच्यासारख्या इतर संस्थांनी संपवली.

गुणपत्रिकेत न मावणारी कर्तबगारीही अमरावतीने मिरवली. अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ मध्ये वैद्य बंधूंनी सुरू केले. शाळा सुटल्यावर मुले तिथे मल्लखांब, लेझीम, कुस्ती शिकत. या मंडळाच्या पथकाने १९३६ मध्ये बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी देशी खेळांची प्रात्यक्षिके केली. कुठल्याही शाळेच्या वार्षिक अहवालात ‘क्रीडा’ हा रकाना असतो. अमरावतीत तो कधीच नावापुरता नव्हता.

स्वातंत्र्यानंतरची वीस वर्षे शाळांच्या दृष्टीने पाट्या बदलण्यात गेली. मध्य प्रांत व वऱ्हाडचे मध्य प्रदेश झाले, १९५१ मध्ये त्या राज्याचे माध्यमिक शिक्षण मंडळ आले. १ नोव्हेंबर १९५६ ला वऱ्हाड द्विभाषिक मुंबई राज्यात गेला आणि विदर्भापुरते वेगळे मंडळ नागपुरास राहिले. माध्यमिक शिक्षणाविषयीच्या मुदलियार आयोगाच्या शिफारशींनुसार शेती, तंत्र, वाणिज्य असे विषय शिकवणाऱ्या बहुउद्देशीय शाळा निघाल्या. त्या शिफारशींचा जोर कधीच ओसरला, पण ‘बहुउद्देशीय’ हा शब्द अमरावतीतल्या एका शाळेच्या नावात अजून टिकून आहे. १ मे १९६२ ला जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या आणि सरकारी हायस्कुले त्यांच्याकडे सोपवली गेली. त्या हस्तांतराची खूणही विदर्भातल्या पाट्यांवर वाचता येते: ‘जिल्हा परिषद (माजी शासकीय) माध्यमिक शाळा’. कंसातला तो ‘माजी शासकीय’ म्हणजे जुन्या प्रतिष्ठेची उरलेली झूल. अकोल्यात जिल्हा परिषदेच्या शाळेला आगरकरांचे नाव दिले गेले.

१९६५ च्या कायद्याने महाराष्ट्र राज्य मंडळ स्थापन झाले. पुणे हे मुख्यालय आणि वऱ्हाडच्या शाळा नागपूर विभागात. अकरावीची मॅट्रिक संपून दहावीची पहिली एस.एस.सी. परीक्षा १९७५ मध्ये झाली, बारावीची पहिली १९७७ मध्ये. पुढे अमरावतीचे वेगळे विभागीय मंडळ झाले आणि अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा आणि नंतरचा वाशीम हे जिल्हे त्याच्याकडे आले. यामुळे निकालाला प्रथमच वऱ्हाडपुरता आकडा मिळाला.

या काळात शाळेच्या यशाचे माप गुणवत्ता यादी हे होते. विभागात ‘मेरिटमध्ये आलेला’ विद्यार्थी हा शाळेचा, गल्लीचा आणि शिकवणी वर्गाचा एकाच वेळी असे. निकालाच्या दिवशी वर्तमानपत्रात आसन क्रमांकांचे बारीक ठशातले रकाने छापून येत आणि चौकात दहा-दहा जण एका पानावर वाकत. मुख्याध्यापकांच्या खोलीतील फळ्यावर वर्षवार पहिल्या आलेल्यांची नावे रंगवली जात. त्या फळ्याला दुसरी बाजू नव्हती: इंग्रजी किंवा गणितात अडकून ऑक्टोबरच्या परीक्षेला बसणारे, मग पुन्हा मार्चला बसणारे आणि शेवटी बापाबरोबर पऱ्हाटीत उतरणारे तिथे कुठेच नव्हते. ‘मॅट्रिक नापास’ हीदेखील कधीकाळी एक पायरी समजली जाई, कारण मॅट्रिकपर्यंत पोचणेच मोठे होते. शाळा गावोगाव झाल्या तसा त्या शब्दांतला मान गेला आणि फक्त नापास उरले.

मंडळाने गुणवत्ता यादी एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात बंद केली. एकेका गुणासाठी चाललेली शर्यत थांबावी हा हेतू. शर्यत थांबली नाही, तिने माप बदलले. शाळांनी आपापल्या टक्केवाऱ्या फलकावर लावल्या: शाळेचा निकाल, प्रावीण्य श्रेणीतले किती, नव्वदच्या वर किती. २०१० मध्ये दहावीला सहापैकी उत्तम पाच विषयांचे गुण धरण्याचा नियम आला. मुंबई उच्च न्यायालयाने तो रद्द केला आणि सर्वोच्च न्यायालयाने प्रवेशाच्या ऐन हंगामात पुन्हा लागू केला. पाच विषय, तोंडी परीक्षेचे गुण आणि खेळ-कलांचे वाढीव गुण मिळून शंभर टक्के हा आकडा शक्य झाला. २०२५ मध्ये राज्यातील २११ विद्यार्थ्यांना तो मिळाला.

नियम बदलला की निकाल किती हलतो, हे २०१९ ने दाखवले. नव्या अभ्यासक्रमात भाषा आणि सामाजिक शास्त्रे या विषयांचे शाळेच्या हातातले २० गुण काढून घेतले होते. आदल्या वर्षी ८९.४१ टक्के असलेला राज्याचा निकाल ७७.१० वर आला आणि अमरावती विभाग ७१.९८ वर थांबला. राज्यात मुलींचा निकाल ८२.८२ टक्के आणि मुलांचा ७२.१८, दहा टक्क्यांहून मोठी ही दरी पेपर कठीण झाला की किती उघडी पडते, तेही त्या वर्षी दिसले. पुढच्या वर्षी २० गुण परत आले आणि टाळेबंदीमुळे भूगोलाचा पेपर झालाच नाही, निकाल ९५.३० टक्के लागला. २०२१ मध्ये परीक्षाच झाली नाही, अंतर्गत मूल्यमापनावर ९९.९५ टक्के मुले उत्तीर्ण ठरली. तीन वर्षांत शिक्षक तेच, इमारती त्याच. २०२५ मध्ये राज्याचा निकाल ९४.१० टक्के होता आणि अमरावती विभागाचा ९२.९५.

जिल्हा परिषदेच्या हायस्कुलाचा वार्षिक निकाल या सगळ्याच्या पोटात असतो. खासगी शाळा नववीत प्रवेश देताना मुले निवडू शकते. परिषदेच्या शाळेत जो येईल त्याला घ्यावे लागते. शेतमजुरी किंवा विटभट्टीसाठी आईबाप हंगामात बाहेर गेले की त्याची हजेरी तुटते, आणि मेळघाटातल्या मुलाची कोरकू ही घरची भाषा असल्याने पाठ्यपुस्तकाची मराठी त्याला दुसरी भाषा म्हणूनच शिकावी लागते. शाळेच्या अहवालात दहावीच्या टक्केवारीखेरीज शिष्यवृत्ती परीक्षा, आठवीची राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्ती, विज्ञान प्रदर्शन, शालेय क्रीडा स्पर्धा यांचे रकाने असतात. आठवीच्या या राष्ट्रीय शिष्यवृत्तीचे पैसे बारावीपर्यंत मिळतात, त्यामुळे मूल शाळेत टिकते. अहवालात मात्र तो रकाना दहावीच्या टक्केवारीच्या खाली येतो.