शुश्रूषागृहातील वृद्धांचे हक्क

'नर्सिंग होम' म्हटले की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे येते ते एखाद्या डॉक्टरांचे खाजगी इस्पितळ, बहुधा प्रसूतीचे. १९४९ साली मुंबई प्रांताने शुश्रूषागृहांच्या नोंदणीचा कायदा केला, तोही आजाऱ्यांवर उपचार करणाऱ्या संस्थांसाठी आणि प्रसूतिगृहांसाठीच. अमेरिकेत मात्र हाच शब्द उच्चारला की ऐकणाऱ्याच्या मनात निराळे चित्र उभे राहते. जेथे माणूस बहुधा बरा होऊन घरी परतण्यासाठी येत नाही, तर उरलेले आयुष्य काढण्यासाठी येतो, अशा वृद्धांच्या निवासाला तेथे हे नाव आहे. अशा घरात राहणाऱ्याला कायद्याने कोणते हक्क आहेत आणि ते त्याला कसे मिळाले, याचा इतिहास फार जुना नाही. पण सरकारी कामकाजाशी ज्याचा संबंध आला आहे अशा माणसाला तो विचार करावयास लावणारा आहे.

अमेरिकेत वसाहत करणाऱ्या इंग्रजांनी आपल्या सामानाबरोबर राणी एलिझाबेथच्या कारकीर्दीतील, १६०१ सालचा, दरिद्रविषयक कायदाही नेला. ज्या गावचा निराधार, त्या गावाने त्याला पोसावे, हे त्याचे सूत्र. एकोणिसाव्या शतकात या पोसण्याला चार भिंतींचे रूप आले आणि जागोजाग दरिद्रगृहे उभी राहिली. वृद्ध, अपंग, भ्रमिष्ट, पोरकी मुले, दारूच्या आहारी गेलेले, सारे एकाच छपराखाली. ही घरे सुखाची झाली तर लोक आळशी होतील, अशी त्या काळच्या शहाण्यांची समजूत होती. त्यामुळे ती सुखाची होऊ नयेत याची काळजी कसोशीने घेतली जाई. आत येणाऱ्याच्या हक्कांचा प्रश्नच नव्हता. किंबहुना अनेक राज्यांच्या घटनांनी सार्वजनिक अन्नावर जगणाऱ्याचा मताधिकारच काढून घेतला होता.

१४ ऑगस्ट १९३५ रोजी अध्यक्ष रूझवेल्ट यांनी सामाजिक सुरक्षा कायद्यावर सही केली. गरजू वृद्धाला राज्य सरकार दरमहा जी मदत देईल तिचा अर्धा वाटा, एकूण ३० डॉलरच्या मर्यादेपर्यंत, केंद्र सरकार उचलणार होते. त्यासाठी वयाची अट होती आणि दुसरी अशी, की तो वृद्ध सार्वजनिक संस्थेत राहणारा नसावा. या दुसऱ्या अटीमागचा हेतू चांगला होता. म्हाताऱ्या माणसाच्या हाती रोख पैसा पडला म्हणजे तो आपल्या घरी राहील आणि दरिद्रगृहे आपोआप ओस पडतील, अशी अपेक्षा होती. पण ज्याला घरच उरले नव्हते, किंवा जो अंथरुणाला खिळला होता, त्याने काय करावयाचे? सरकारी गृहात राहावे तर मदत बंद होणार. मोठ्या घरात एकट्या राहणाऱ्या विधवांनी, काम नसलेल्या परिचारिकांनी अशा वृद्धांना आपल्या खोल्या दिल्या, दोन वेळचे जेवण दिले आणि त्या मदतीतून खर्च भागविला. खाजगी शुश्रूषागृहांचा धंदा वाढीस लागला तो असा. कायद्याने जे मोडावयाचे ठरविले होते ते मोडले. त्याच्या जागी जे उभे राहिले ते मात्र कोणी ठरविले नव्हते.

पुढची तीस वर्षे सरकार या नव्या धंद्याच्या मागोमाग धावत होते. १९५० च्या दुरुस्तीने राज्यांना अशा संस्थांच्या दर्जावर देखरेख करणारी यंत्रणा नेमणे भाग पाडले. १९५४ पासून इमारतींसाठी केंद्राचे अनुदान मिळू लागले आणि त्याबरोबर घराचे रूप जाऊन इस्पितळाचे रूप आले: लांब ओसऱ्या, परिचारिकांचे टेबल, ओळीने खाटा. ३० जुलै १९६५ रोजी अध्यक्ष जॉन्सन यांनी मेडिकेअर व मेडिकेड या योजनांच्या कायद्यावर सही केली आणि सरकारी पैशाचा ओघच सुरू झाला. दरम्यान, २३ नोव्हेंबर १९६३ रोजी ओहायो राज्यातील फिचव्हिल येथे एका शुश्रूषागृहाला आग लागून ६३ वृद्ध मृत्युमुखी पडले. आदल्या दिवशी अध्यक्ष केनेडी यांची हत्या झाली होती. ज्या वृत्तपत्रांनी एरवी ही बातमी पहिल्या पानावर छापली असती त्यांच्यापाशी त्या दिवशी जागा नव्हती.

आता तपासणीचा प्रकार पाहा. पैसे सरकारचे, म्हणून तपासनीस नियमाने जात. १९७४ च्या नियमांत रहिवाशांच्या हक्कांची यादीही घातली गेली होती. पण तपासनिसाच्या हाती जे प्रपत्र असे त्यात काय विचारलेले होते? १९७५ साली कोलोरॅडो राज्यातील शुश्रूषागृहांत राहणाऱ्या काही वृद्धांनी दावा लावला. त्यांचे म्हणणे असे की, सरकार आमच्यासाठी पैसे देते, पण आमची देखभाल खरोखर होते की नाही हे कधी पाहत नाही. दाव्याच्या ओघात असे दिसून आले, की त्या प्रपत्रातील ५४१ प्रश्नांपैकी रहिवाशाच्या देखभालीशी दूरान्वयानेही संबंध येईल असे प्रश्न अवघे ३० होते. बाकीचे सारे इमारत, नोंदवह्या, लेखी धोरणे, कर्मचाऱ्यांची पात्रता यांच्याविषयी. संस्थेला देखभाल करता येईल का, एवढेच सरकार विचारी. ती केली जाते का, हे विचारीत नसे. खाटेवरील माणसाशी एक शब्दही न बोलता तपासणी पुरी होऊ शकत होती. अशी प्रपत्रे कशी जन्माला येतात हे मला ठाऊक आहे. जे मोजता येते व ज्याची सही घेता येते तेच त्यांत येते. आणि भरलेले प्रपत्र वरच्या कचेरीत गेले की तेच वास्तव ठरते.

खालच्या न्यायालयाने स्थिती वाईट असल्याचे मान्य केले, तरी ती सुधारण्याचे कर्तव्य केंद्रीय मंत्र्यांवर नाही असा निर्णय दिला. १९८४ साली अपील न्यायालयाने तो फिरविला. देखभाल प्रत्यक्षात मिळते की नाही हे जाणून घेणे मंत्र्यांवर बंधनकारक आहे, असे त्याने ठरविले. एवढ्या साध्या गोष्टीसाठी वादींना नऊ वर्षे लागली. वार्धक्यात नऊ वर्षे म्हणजे काय, हे सांगण्याची गरज नाही.

या काळात सर्वोच्च न्यायालयाचा कल मात्र रहिवाशांच्या बाजूने नव्हता. फिलाडेल्फियातील एका गृहाची मान्यता सरकारने काढून घेतली, तेव्हा तेथील वृद्धांनी विनंती केली की आम्हांला हलविण्यापूर्वी आमचे म्हणणे ऐकावे. १९८० साली न्यायालयाने सांगितले, की मान्यतेचा प्रश्न सरकार आणि संस्था यांच्यामधला आहे. रहिवाशांना त्यात सुनावणीचा घटनात्मक हक्क नाही. जागा गेल्याने ज्यांची अंथरुणे उचलली जाणार होती, ते त्या प्रकरणात परके ठरले.

खरा बदल दुसऱ्या वाटेने आला. शुश्रूषागृहांच्या सुधारणेसाठी १९७५ साली स्थापन झालेल्या एका नागरिक संघटनेने १९८५ मध्ये चारशेहून अधिक रहिवाशांना प्रत्यक्ष भेटून विचारले, की चांगली देखभाल म्हणजे तुमच्या मते काय? शासनाने नेमलेल्या तज्ज्ञांच्या समितीचा अहवाल १९८६ मध्ये आला. या दोहोंच्या पायावर जो कायदा झाला त्यावर अध्यक्ष रेगन यांनी २२ डिसेंबर १९८७ रोजी सही केली. अर्थसंकल्पाशी संबंधित एका अवाढव्य विधेयकाच्या पोटात तो दडलेला होता.

या कायद्याने मेडिकेअर वा मेडिकेडचा पैसा घेणाऱ्या प्रत्येक गृहावर, म्हणजे व्यवहारतः जवळजवळ सर्वच गृहांवर, निश्चित बंधने घातली. आपला डॉक्टर निवडणे, आपले पत्र दुसऱ्याने न फोडणे, भेटीस आलेल्याशी एकांतात बोलणे, आपला पैसा आपण सांभाळणे, सूड घेतला जाईल अशी भीती न बाळगता गाऱ्हाणे मांडणे, हे रहिवाशाचे हक्क ठरले. त्याला गृहातून काढावयाचे तर कायद्यात दिलेल्या सहा कारणांपैकी एक असले पाहिजे आणि साधारणतः ३० दिवसांची लेखी सूचना दिली पाहिजे. सर्वांत महत्त्वाची तरतूद बंधनांविषयी होती. शिक्षा म्हणून किंवा कर्मचाऱ्यांच्या सोयीसाठी कोणालाही पट्ट्याने खुर्चीला वा खाटेला बांधता येणार नाही, आणि औषधानेही बांधता येणार नाही. त्या काळी अमेरिकेतील शुश्रूषागृहांत दहांपैकी सुमारे चार वृद्ध बांधलेले असत. पडू नयेत म्हणून, असे सांगितले जाई. वीस वर्षांत हे प्रमाण पाच टक्क्यांच्या आसपास आले. कायद्याने एखादी गोष्ट इतकी स्पष्ट बदलल्याची उदाहरणे थोडी असतात. औषधाचे बंधन मात्र डोळ्यांना दिसत नाही, आणि ते सुटणे कठीण गेले.

तालेव्स्की प्रकरण याच बंधनाचे होते. मॅसिडोनियाहून येऊन इंडियाना राज्यात स्थायिक झालेले हे गृहस्थ स्मृतिभ्रंशामुळे २०१६ साली एका सार्वजनिक मालकीच्या शुश्रूषागृहात दाखल झाले. काही महिन्यांतच ते स्वतःच्या हाताने जेवेनासे झाले आणि त्यांचे इंग्रजी गेले. उरली ती मातृभाषा. मनावर परिणाम करणारी सहा प्रबळ औषधे त्यांना दिली जात असल्याचे कुटुंबाला आढळले, असा आरोप दाव्यात होता. शिवाय त्यांना कुटुंबापासून दूरच्या गृहात हलविण्याची खटपट झाली, असाही. प्रतिवादी संस्थेने आरोप नाकारण्यापुरतेच आपले म्हणणे ठेवले नाही. १९८७ चा कायदा हा सरकार व संस्था यांच्यातील पैशाचा करार आहे, त्यावरून रहिवाशाला कोर्टात येताच येत नाही, असे तिने मांडले. म्हणजे १९८० चाच सूर. तालेव्स्की २०२१ मध्ये वारले. ८ जून २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सात विरुद्ध दोन मतांनी निकाल दिला. तो न्यायमूर्ती केतांजी ब्राउन जॅक्सन यांनी लिहिला आहे. ते हक्क खरे हक्क आहेत आणि १८७१ च्या नागरी हक्क कायद्याखाली त्यांच्यासाठी दाद मागता येते, असे त्यात ठरले. गुलामगिरीतून सुटलेल्या कृष्णवर्णीयांच्या रक्षणासाठी केलेला तो जुना कायदा अशा रीतीने एका स्मृतिभ्रष्ट वृद्धाच्या उपयोगी पडला. मात्र १८७१ चा कायदा सरकारी सत्तेविरुद्ध चालतो. खाजगी मालकीच्या गृहांना, आणि तेथे बहुसंख्या त्यांचीच आहे, हा निकाल सरळ लागू पडत नाही.

या हकिगतीतील भाषेचा तपशील मराठी श्रोत्याने विशेष ध्यानात घ्यावा असा आहे. १९६५ साली अमेरिकेने स्थलांतराचा कायदा बदलला आणि त्यानंतर आपल्याकडील कितीतरी डॉक्टर, अभियंते तिकडे गेले. ती पिढी आज ऐंशीच्या घरात आहे. स्मृती ढळू लागली की नंतर शिकलेली भाषा आधी जाण्याचा संभव असतो. रात्री मराठीत पाणी मागणाऱ्या वृद्धाला तेथील परिचारिका काय देईल? रहिवाशाला समजेल अशा भाषेत त्याचे हक्क सांगितले पाहिजेत, असे तेथील नियम सांगतात. इतकी सोय कागदावर तरी आहे.

आपल्याकडे २००७ साली आईवडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या निर्वाहाचा कायदा झाला. मुलांकडून निर्वाहखर्च मिळविण्यासाठी त्याने न्यायाधिकरणे दिली, आणि १९ व्या कलमात जिल्ह्यागणिक निदान एक वृद्धाश्रम, किमान १५० निर्धन वृद्धांसाठी, अशी कल्पना मांडली. परंतु राज्य सरकार असे आश्रम 'स्थापन करू शकेल' असे ते कलम म्हणते. 'स्थापन करील' असे म्हणत नाही. मसुदा लिहिणाऱ्याला या दोन क्रियापदांतील अंतर पुरते ठाऊक असते. डिसेंबर २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक जिल्ह्यातील वृद्धाश्रमांची माहिती गोळा करण्यास केंद्राला सांगितले. पुढच्या वर्षी खाजगी वृद्धनिवासांची नोंदणी आणि त्यांचा किमान दर्जा यांच्या तरतुदी असलेले दुरुस्ती विधेयक लोकसभेत मांडले गेले. ते स्थायी समितीकडे गेले, समितीचा अहवालही आला. आणि २०२४ साली ती लोकसभा विसर्जित झाली तेव्हा विधेयक तिच्याबरोबरच व्यपगत झाले.