कोडे, कुपन आणि पाच जीव

आजचा धागा इतिहासाचाच आहे. पण तो माझ्या एका लाजिरवाण्या सवयीपासून सुरू होतो.

१ जून ते ३१ जुलै या काळात राज्यात यांत्रिक मासेमारीला बंदी असते. आमच्या मिरकरवाड्यात तेव्हा नौका शाकारून ठेवलेल्या असतात, खलाशी आपापल्या गावी गेलेले असतात आणि जेट्टीवर फक्त पाऊस राबत असतो. प्रबंधाचे एक प्रकरण पूर्ण करायचे म्हणून मी घरी आलो होतो. त्याऐवजी मी मोबाइलवरच्या एका खेळात बुडालो. एका परदेशी विनोदी मालिकेवर तो बेतलेला आहे. तीन सारखी चित्रे एका ओळीत आणली की ती फुटतात, मालिकेतले एखादे पात्र येऊन चिमटा काढते आणि पुढचे कोडे उघडते. नाव सांगत नाही; माझ्यामुळे आणखी कोणी बुडायला नको.

ती मालिका मी धड पाहिलेलीही नाही. खेळात एका वेळी पाच जीव मिळतात. ते संपले की अर्ध्या तासाने एक परत येतो. हा अर्धा तास मी घड्याळाकडे पाहत काढत असे.

एके संध्याकाळी बाबा नौकेच्या विम्याचा अर्ज घेऊन आले. अर्ज इंग्रजीत होता आणि दुसऱ्या दिवशी शेवटची तारीख होती. "पाच मिनिटे थांबा," मी म्हणालो. मान वर केली तेव्हा रात्रीचे अकरा वाजले होते. बाबा झोपले होते. अर्ज शेजारच्या अकरावीतल्या मुलीकडून भरून घेतलेला, टेबलावर होता.

त्या रात्री मला माझ्याच टिपणांतला एक खटला आठवला. कोड्यांच्या नादाचा आपल्याकडचा कायदेशीर इतिहास शोधायचा तर जुन्या मुंबई राज्यात जावे लागते.

शब्दकोडे हा प्रकार तसा अलीकडचा. आर्थर विन याने रचलेले पहिले कोडे 'न्यूयॉर्क वर्ल्ड'मध्ये २१ डिसेंबर १९१३ रोजी छापले गेले. १९२४ मध्ये अमेरिकेत कोड्यांचे पहिले पुस्तक निघाले आणि वेड पसरले. लंडनच्या 'टाइम्स'ने त्याच वर्षी या वेडावर नाक मुरडले. १ फेब्रुवारी १९३० पासून त्याच 'टाइम्स'मध्ये रोज शब्दकोडे येऊ लागले. अशी शरणागती इतिहासात फार क्वचित इतक्या लवकर येते!

भारतात या वेडाला बक्षिसाची जोड मिळाली. बंगळूरहून 'स्पोर्टिंग स्टार' नावाचे साप्ताहिक निघे. त्यात 'आर.एम.डी.सी. क्रॉसवर्ड्‌स' ही स्पर्धा असे. वाचकाने कुपनावर उत्तरे भरायची आणि प्रवेशशुल्कासह पाठवायची. मुंबई राज्यात हा अंक चांगला खपे आणि कुपने गोळा करण्यासाठी इथे केंद्रेही होती. चालक होते आर. एम. डी. चमारबागवाला.

वरवर हा भाषाज्ञानाचा खेळ वाटतो. खरी मेख निकालाच्या पद्धतीत होती. संयोजकांचे उत्तर आधीच पाकिटात मोहोरबंद असे आणि बक्षीस मिळे ते त्या उत्तराशी जुळण्याला. मराठीत मीच रचलेले एक उदाहरण देतो. सूचक वाक्य : 'याशिवाय मासा हाती लागत नाही'. दोन अक्षरी शब्द, दुसरे अक्षर 'ळ'. तुम्ही 'गळ' लिहाल. कोणी 'बळ' लिहील. दोन्ही बरोबर आहेत. पाकिटात काय आहे, ते मात्र तुमची विद्वत्ता सांगू शकत नाही. वाचकाला वाटते, आपण थोडक्यात हुकलो. म्हणून तो पुढच्या आठवड्यात पुन्हा कुपन भरतो.

मुंबई सरकारने १९४८ मध्ये सोडती आणि बक्षीस स्पर्धांवर नियंत्रण व कर बसवणारा कायदा केला होता. १९५२ मध्ये दुरुस्ती करून राज्याबाहेर छापल्या जाणाऱ्या नियतकालिकांतील स्पर्धाही त्यात ओढल्या. चमारबागवाला उच्च न्यायालयात गेले आणि तिथे जिंकले. राज्याने सर्वोच्च न्यायालयात अपील केले. दरम्यान संसदेने १९५५ मध्ये बक्षीस स्पर्धा कायदा केला : महिन्याला एकूण १,००० रुपयांपेक्षा जास्त बक्षिसे नकोत, २,००० पेक्षा जास्त प्रवेशिका नकोत. त्यालाही आव्हान मिळाले.

दोन्ही प्रकरणांचा निकाल एकाच दिवशी लागला, ९ एप्रिल १९५७ रोजी. मुंबईच्या खटल्यात सरन्यायाधीश सुधी रंजन दास यांच्या पीठाने ही कोडी जुगाराच्या स्वरूपाची ठरवली. जुगार हा व्यापारच नव्हे, म्हणून त्याला व्यापाराच्या स्वातंत्र्याचे संरक्षण नाही, असे सांगितले. दुसऱ्या निकालात स्पष्ट झाले की ज्या स्पर्धेत यश मुख्यतः कौशल्यावर अवलंबून आहे, ती या कायद्याच्या कक्षेबाहेर राहील. कौशल्य की नशीब? हा प्रश्न तेव्हापासून भारतीय खेळांच्या मानगुटीवर बसला तो बसलाच.

पुढे कोडे दूरदर्शन संचावर आले. ब्रिटिश कार्यक्रमावरून घेतलेला 'कौन बनेगा करोडपती' ३ जुलै २००० रोजी सुरू झाला. त्यात पहिला एक कोटी जिंकणारा हर्षवर्धन नवाथे हा मुंबईचा, स्पर्धा परीक्षांची तयारी करणारा मराठी तरुण होता. २००७ च्या तिसऱ्या पर्वात घरबसल्या प्रेक्षकांसाठी 'हर सीट हॉट सीट' ही स्पर्धा होती. एक प्रश्न, चार पर्याय. उत्तर संदेशाने पाठवायचे, दर २ रुपये ४० पैसे. बरोबर उत्तर देणाऱ्यांतून यंत्र एक विजेता निवडे. म्हणजे आधी ज्ञान, मग सोडत. बक्षिसाची रक्कम संदेशांच्या पैशांतूनच निघते, अशी तक्रार झाली. २००८ मध्ये राष्ट्रीय ग्राहक आयोगाने एक कोटी रुपयांची दंडात्मक भरपाई सुनावली. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुराव्याअभावी तो आदेश रद्द केला. नऊव्या पर्वापासून, म्हणजे २०१७ पासून, लोक कार्यक्रम पाहता पाहता मोबाइलवर तेच प्रश्न सोडवू लागले.

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन खेळांचा नवा कायदा केला. पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ, मग ते कौशल्याचे असोत, नशिबाचे असोत वा दोन्हींचे, बंद. ऑनलाइन पैशाच्या खेळांपुरता १९५७ चा तो जुना प्रश्न कायद्याने पुसून टाकला. माझ्या मते, इतिहासाच्या विद्यार्थ्यांनी या कायद्याकडे फारसे लक्ष दिलेले नाही.

आता माझा खेळ या सगळ्यात कुठे बसतो ते पाहा. प्रवेशशुल्क नाही. बक्षीस नाही. पाकिटात मोहोरबंद उत्तर नाही. १९४८, १९५५ किंवा २०२५, कोणत्याच कायद्याला त्यात बोट ठेवायला जागा नाही, आणि ठेवावे असे माझेही म्हणणे नाही. पण कुपन भरणाऱ्याचे ते 'थोडक्यात हुकले' इथे जसेच्या तसे आहे. एकच चाल कमी पडते, आणि पाचवा जीव जातो. सगळे न्यायाधीश पैशाचा हिशेब तपासत राहिले. 'स्पोर्टिंग स्टार'च्या वाचकाने अंकावर किती संध्याकाळी घालवल्या, हे कोणत्याही निकालपत्रातून कळायचे नाही. माझ्या प्रबंधाला ती संख्या हवी आहे, आणि ती कोणत्या दप्तरात शोधावी यावर सध्या मी अडलो आहे.

नारळी पौर्णिमेला नौका पुन्हा पाण्यात गेली. आदल्या संध्याकाळी बाबांनी परवान्याच्या नूतनीकरणाचे कागद काढले आणि माझ्याकडे न पाहताच शेजारी निघाले. मी मोबाइल पालथा ठेवला आणि म्हणालो, "बाबा, द्या इकडे."

त्यांनी मोबाइलकडे पाहिले. "जीव संपले काय रे?"

संपले नव्हते. तीन शिल्लक होते.