पेल एलची चव आणि स्थानिक हॉप : एक ऐतिहासिक मागोवा

प्रस्तावना

कोणत्याही पेयाची चव ही केवळ वैयक्तिक आवडीनिवडीची बाब नसते. त्या त्या प्रदेशाची माती, पाणी, शेती व व्यापार यांच्या इतिहासाचीही ती साक्ष देत असते. या दृष्टीने पेल एल या फिकट तांबूस रंगाच्या बिअरचे उदाहरण उद्बोधक आहे. मोड आणून वाळवलेली बार्ली म्हणजे माल्ट, पाणी, यीस्ट आणि हॉप या वेलीची फुले या चार घटकांपासून ती तयार होते. माल्टमुळे गोडसरपणा, तर हॉपमुळे कडवटपणा व सुगंध येतो. यांपैकी हॉपच्या अनुषंगाने ‘स्थानिक’ या संकल्पनेचा मागोवा घेणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

इंग्लंडमधील जडणघडण

कोकच्या भट्टीत माल्ट वाळवू लागल्याने त्याचा रंग फिकट राहिला व धुराचा वास टळला. त्यातून इंग्लंडमध्ये पेल एलचा उदय झाला. केंट परगण्यातील हॉपने तिला सुगंध दिला, तर बर्टन येथील चिरोडीयुक्त पाण्याने तिच्या कडवटपणाला धार आणली. १८२० च्या दशकापासून बर्टनची ही बिअर भारतातील युरोपीय ग्राहकांसाठी पाठविली जाऊ लागली. पुढे तिला ‘इंडिया पेल एल’ हे नाव मिळाले. नावात भारत असला, तरी तिच्या चवीत भारतीय असे काहीच नव्हते. तेथे भारत हा उत्पादक नव्हता, बाजारपेठ होता.

अमेरिकेतील परिवर्तन

अमेरिकेत १९२० ते १९३३ या काळात दारूबंदी होती. त्यानंतर हा व्यवसाय मोजक्या मोठ्या कंपन्यांच्या हाती एकवटत गेला. १९७० च्या दशकाच्या अखेरीस बिअरचे कारखाने शंभराहूनही कमी उरले होते. बहुतेकांची बिअर सौम्य व एकसारखी होती. सुगंधासाठी युरोपीय हॉप श्रेष्ठ आणि अमेरिकी हॉप रांगडा, असा समज रूढ होता.

अमेरिकी कृषी विभागाच्या ओरेगॉन येथील संशोधनातून १९७२ मध्ये ‘कॅस्केड’ हे वाण लागवडीसाठी देण्यात आले. युरोपीय सुगंधी हॉपला देशी पर्याय म्हणून त्याकडे पाहिले गेले. परंतु त्याचा वास युरोपीय हॉपसारखा नव्हता, तो पपनसाच्या सालीची आठवण करून देणारा होता. सॅन फ्रान्सिस्कोच्या अँकर कारखान्याने १९७५ मध्ये ‘लिबर्टी एल’साठी हे वाण वापरले. कॅलिफोर्नियातील चिको येथे १९८० मध्ये तयार झालेल्या ‘सिएरा नेवाडा पेल एल’ने तर हाच वास आपली ओळख बनविला. तिचा घोट घेताना प्रथम हा आंबट-फळांचा गंध जाणवतो, मग माल्टचा गोडवा आणि शेवटी जिभेवर रेंगाळणारा कडवटपणा. परक्या मापाने जो वेगळेपणा उणीव ठरला असता, तोच येथे गुण ठरला.

‘स्थानिक’ म्हणजे काय?

तथापि, कॅस्केडची लागवड प्रामुख्याने चिकोपासून शेकडो किलोमीटर दूर असलेल्या ओरेगॉन व वॉशिंग्टन राज्यांत होत असे. म्हणजे ही बिअर ‘देशी’ असली, तरी काटेकोर अर्थाने ‘गावची’ नव्हती. पुढे या कारखान्याने चिको येथेच हॉप व बार्लीची शेती केली आणि त्या पिकापासून वेगळी एल तयार केली. यावरून ‘स्थानिक’ या शब्दाच्या किमान दोन पातळ्या दिसतात: एक राष्ट्राची, दुसरी शिवाराची.

निष्कर्ष

पेल एलचा इतिहास असे दर्शवितो की, स्थानिकता नावावरून ठरत नाही. ती घटकागणिक तपासावी लागते. तसेच केवळ जवळचा कच्चा माल वापरल्याने स्वतंत्र चव निर्माण होत नाही. त्या मालाचा मूळ स्वभाव स्वीकारावा लागतो. केवळ पर्याय म्हणून पाहिलेले पीक अनुकरणातच अडकते. आपल्या गुणांनी स्वीकारलेले पीक नवी परंपरा घडविते. स्थानिक कृषिउत्पादनांवर आधारित उद्योगांचा विचार करताना कॅस्केडचा हा अनुभव म्हणूनच महत्त्वाचा ठरतो.