घर घेताना : बांगडीच्या निशाणीपासून खरेदीखतापर्यंत



बचत गटाच्या बैठकीत हल्ली एक प्रश्न वारंवार येतो. गावठाणात दोन खोल्यांचं घर विकायला निघालंय. मालक म्हणतो, “ग्रामपंचायतीचा उतारा माझ्या नावावर आहे. स्टॅम्पवर लिहून देतो, दोन साक्षीदार घालू, पैसे द्या आणि राहायला या.” घेणारीनं गटातून कर्ज काढलेलं असतं, थोडं सोनं मोडलेलं असतं. ती विचारते, एवढं पुरे का?

पुरत नाही. का पुरत नाही, हे समजायला थोडं मागं जावं लागेल. घराचा एकेक कागद वेगवेगळ्या काळात, वेगवेगळ्या कामासाठी जन्माला आला. कोणता कागद कशासाठी निघाला हे कळलं, की कोणावर किती विसंबायचं तेही कळतं. म्हणून आज आपण घराच्या कागदांचा इतिहास बघू.

मराठेशाहीत आणि पेशवाईत गावात घर, घरठाण किंवा वतन विकलं जायचं, तेव्हा गावची मंडळी जमायची. खरेदीखत किंवा मिरासपत्र लिहिलं जायचं. त्यात चतुःसीमा असायच्या : पूर्वेला कोणाचं घर, पश्चिमेला कोणती वाट, दक्षिणेला काय, उत्तरेला काय. खाली साक्षी असायच्या. लिहिता येणारे थोडे. बाकीचे आपापल्या कामाची निशाणी काढायचे. पाटील नांगर काढायचा, न्हावी आरसा काढायचा. आणि बाईची निशाणी होती बांगडी. जुन्या कागदांत ती आजही सापडते. म्हणजे तेव्हाही काही व्यवहारांत बाया होत्या. अक्षर नव्हतं, पण निशाणी होती.

त्या कागदाचा खरा आधार म्हणजे गावाची आठवण. घर कोणाचं, कोणाकडून आलं, भाऊबंद कोण, हे साऱ्या गावाला ठाऊक असायचं. भांडण झालं तर तीच माणसं गोतसभेत साक्षीला उभी राहायची. आजही मालक म्हणतो ना, “सगळ्या गावाला माहीत आहे, घर माझंच”, तो त्या जुन्या काळाचा आवाज आहे. पण आता माणसं पुण्या-मुंबईला जातात, जुनी जाणती माणसं निघून जातात, आणि न्यायालय गावाच्या आठवणीपेक्षा कागद आधी मागतं.

इंग्रजांचं राज्य आलं आणि मोजणी सुरू झाली. आपल्याकडची ती प्रसिद्ध मोजणी गोल्डस्मिड आणि विंगेट या दोन अधिकाऱ्यांनी १८३५-३६च्या सुमारास पुणे जिल्ह्यातल्या इंदापूर तालुक्यापासून सुरू केली. सरकारला हवा होता शेतसारा. म्हणून शेतं मोजली, त्यांना नंबर दिले, बांधाला दगड लावले. पुढे १९०३च्या कायद्यानं हक्कनोंदीची पद्धत आली आणि त्यातून आजचा सातबारा घडला. पण घरावर शेतसारा नव्हता. त्यामुळे गावठाण नकाशावर एक सलग तुकडा म्हणून राहिलं. आतलं कोणतं घर कोणाचं, किती फूट, हे बहुतेक गावांत कोणी मोजलंच नाही. शेताला सातबारा आहे, पण गावठाणातल्या घराला सातबारा नाही, त्याचं कारण हे.

याच काळात कागदानं माणसाला कसं बुडवलं, तेही ऐका. सावकार रोखे लिहून घ्यायचा. कुणब्याला वाचता येत नव्हतं. कागदात काय लिहिलंय हे न कळता तो निशाणी करायचा, आणि कोर्ट त्या निशाणीवरून जमीन, घर, बैल जप्त करायचं. १२ मे १८७५ला सुपे इथल्या बाजारात लोकांचा संयम सुटला. ते सावकारांच्या घरांवर गेले आणि रोखे, खतं मागून घेऊन जाळली. हे लोण पुणे आणि नगर जिल्ह्यांत पसरलं. याला आपण दख्खनचा उठाव म्हणतो. लोकांचा मुख्य राग कागदावर होता, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. त्यानंतर १८७९ला शेतकऱ्यांच्या संरक्षणासाठी कायदा झाला आणि शेतकऱ्यानं करून दिलेले दस्त गावच्या नोंदणी अधिकाऱ्यासमोर लिहिले जावेत, अशी तरतूद आली.

अंगठ्याची गोष्टही त्याच सुमाराची. बंगालमध्ये हर्शेल नावाचा इंग्रज अधिकारी होता. सही माझी नव्हेच, असं लोक नंतर म्हणतात, हे पाहून त्यानं १८७७ला हुगळी जिल्ह्यात दस्तनोंदणीसाठी बोटांचे ठसे घ्यायला सुरुवात केली. निशाणी कोणीही काढू शकतो, ठसा मात्र ज्याचा त्याचाच. आज दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात आपला अंगठा आणि फोटो घेतात, त्याची मुळं तिथं आहेत.

आता येऊ दोन मोठ्या कायद्यांकडे. १८८२चा मालमत्ता हस्तांतरण कायदा सांगतो, की विक्रीचा करार म्हणजे विक्री नव्हे. आपण ज्याला साठेखत म्हणतो, तो पुढं विकण्याचा शब्द आहे. त्यानं घर आपलं होत नाही. घर आपलं होतं ते खरेदीखतानं. आणि १९०८चा नोंदणी कायदा सांगतो, की १०० रुपयांच्या किंवा त्याहून जास्त किमतीच्या घर-जमिनीची विक्री नोंदवलीच पाहिजे. दस्तावर सह्या झाल्यापासून ४ महिन्यांत तो नोंदणीला सादर करावा लागतो. १०० रुपयांत आज गावात चौकटसुद्धा येत नाही. म्हणजे प्रत्येक घराचं खरेदीखत नोंदवणं आलंच.

मग नोटरी काय करतो? समोरच्या माणसानं माझ्यापुढं सही केली, एवढंच नोटरी सांगतो. तो मालकी देत नाही. मुखत्यारपत्राचंही तसंच. मुखत्यारपत्रावर घर विकलं म्हणजे विक्री झाली असं होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं २०११ला स्पष्ट सांगितलं. शंभराचा स्टॅम्प असो की पाचशेचा, नोंदणी नसेल तर उद्या मालकाचा मुलगा किंवा बहीण दारात उभी राहून म्हणू शकते, हे घर आमचं आहे. आणि पैसे तर गेलेले असतात.

“पण ग्रामपंचायतीचा उतारा?” हा प्रश्न येणारच. १९५८ला ग्रामपंचायत कायदा आला, १९६०ला कराचे नियम आले. घरपट्टी कोणाकडून घ्यायची हे कळावं म्हणून ग्रामपंचायत घरांची कर आकारणी यादी ठेवते. तो नमुना नंबर ८. ही यादी करासाठी आहे. त्यात नाव असणं चांगलंच, तो ताब्याचा एक पुरावा ठरतो, पण मालकीचा दाखला नव्हे. इथं आणखी एक घोळ होतो. तलाठ्याकडं ‘आठ अ’ नावाचा उतारा असतो, तो शेतजमिनीच्या खात्याचा. ग्रामपंचायतीचा नमुना ८ घराचा. दोन्हीला लोक नुसतं ‘आठचा उतारा’ म्हणतात. कागद हातात आला की वर कोणत्या कार्यालयाचं नाव आहे, ते आधी वाचा.

इंदापूरच्या मोजणीत राहून गेलेलं काम आता कुठं हाती आलं आहे. मोठ्या गावांच्या गावठाणांची मोजणी पूर्वी काही ठिकाणी झाली होती. पण लहान गावांसाठी ड्रोननं मोजणी सुरू झाली ती अलीकडं. २४ एप्रिल २०२०ला स्वामित्व योजना जाहीर झाली, त्यात महाराष्ट्रही होता. घरांच्या हद्दीवर चुन्याच्या रेघा मारतात, वरून ड्रोन फोटो घेतं, मग चौकशी होते, हरकती ऐकतात आणि मिळकत पत्रिका तयार होते. तिला प्रॉपर्टी कार्डही म्हणतात. तुमच्या गावात मोजणी होणार असेल तर चुना मारताना आणि चौकशीच्या दिवशी बायांनी घरात बसू नये. नाव त्याच दिवशी सांगायचं असतं. जो हजर असतो त्याचंच नाव लागण्याचा धोका असतो.

आता आपल्या नावाकडे येऊ. बांगडीची निशाणी साक्षीला चालली, पण मालकीचा हक्क बाईला फार हळूहळू मिळाला. १९३७च्या कायद्यानं हिंदू विधवेला नवऱ्याच्या मालमत्तेत हक्क दिला, पण तो तिच्या हयातीपुरताच. तिला ती मनाप्रमाणे विकता येत नव्हती. १९५६च्या हिंदू वारसा कायद्यानं बाईच्या नावची मालमत्ता पूर्णपणे तिची झाली. बापानं मृत्युपत्र केलं नसेल तर त्याच्या स्वतःच्या कमाईच्या घरात बायको, मुलगा, मुलगी यांना सारखा वाटा मिळू लागला. वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलासारखा हक्क महाराष्ट्रानं १९९४ला दिला, साऱ्या देशात तो २००५ला आला. आपल्या मुस्लीम सख्यांचे वाटे त्यांच्या कायद्यानं ठरतात, पण वाटा त्यांनाही आहेच.

कायद्यासोबत चळवळही होती. १९९०च्या सुमारास शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं ‘लक्ष्मीमुक्ती’ची हाक दिली आणि गावोगावच्या शेतकऱ्यांनी बायकोच्या नावावर जमिनीचा तुकडा करून दिला. २००३ला ग्रामविकास विभागानं सांगितलं, की ग्रामपंचायतीच्या घराच्या नोंदीत नवरा-बायको दोघांचं नाव लावावं. आणि १ एप्रिल २०२१पासून महाराष्ट्रात राहतं घर फक्त बाईच्या किंवा बायांच्या नावानं खरेदी केलं, तर मुद्रांक शुल्कात १ टक्क्याची सूट मिळते. ६ लाखांच्या घराला ६ हजार रुपये वाचतात. नवऱ्यासोबत जोडनावानं घेतलं तर ही सूट मिळत नाही. जोडनाव लावायचं की एकटीचं, हा घराघरातला निर्णय. पण तो खरेदीखत लिहिण्याआधी करायचा. “नंतर तुझं नाव लावू” या शब्दाला नोंदणी नसते.

हा हक्काचा इतिहास घर घेणारीला आणखी एका कारणानं कामाचा आहे. समजा, मालक सांगतो, वडिलांचं घर आहे, आम्ही तिघे भाऊ सही करतो. तेव्हा आपण विचारायचं, “दादा, बहिणी किती? आई आहे का?” त्यांनी नोंदणीकृत हक्कसोड दिलेलं नसेल, तर खरेदीखतावर त्यांच्याही सह्या हव्यात. हे विचारायला आपल्याला अवघड वाटतं, कारण भावाच्या दारात आपणही कोणाची तरी बहीण असतो. तरी विचाराच. तिचा वाटा बुडवून घेतलेलं घर तिच्या दाव्यात अडकू शकतं, आणि तसंही ते बरं नव्हे.

म्हणजे आज घर घेताना क्रम असा ठेवा. आधी विकणाऱ्याकडं घर आलं कसं, ते विचारा : खरेदीनं, वारसानं, की वाटणीनं? त्याचा कागद बघा. मिळकत पत्रिका झाली असेल तर भूमी अभिलेख कार्यालयातून ताजी प्रत स्वतः काढा, मालकानं दिलेल्या झेरॉक्सवर जाऊ नका. घर शेतजमिनीच्या तुकड्यावर असेल तर सातबारा बघा, बिगरशेती परवानगी आणि तुकडेबंदीचं काय, ते तहसीलमध्ये विचारा. हे नियम बदलत आले आहेत. मग नोंदणी कार्यालयात शोध घ्या. बँका आणि वकील बहुधा ३० वर्षांचा शोध बघतात, आपणही तेवढा बघावा. घरावर पतसंस्थेचा किंवा बँकेचा बोजा आहे का, घरपट्टी, पाणीपट्टी, वीजबिल थकलंय का, तेही कळून घ्या.

हे सगळं झाल्यावर इसार द्या, तोही थोडा, आणि शक्यतो चेकनं. साठेखत करायचं असेल तर तेही नोंदवून घ्या. खरेदीखत लिहिल्यावर ते मोठ्यानं वाचून घ्या. चतुःसीमा जागेवर जाऊन ताडून बघा. नावाचं स्पेलिंग, आधारवरचं नाव, क्षेत्रफळ बघा. मुद्रांक शुल्क ठरलेल्या किमतीवर किंवा सरकारी दरानं येणाऱ्या किमतीवर, जी जास्त असेल तिच्यावर लागतं. “किंमत कमी दाखवू, बाकी रोख द्या” असं कोणी म्हणालं तर नको म्हणा. उद्या व्यवहार मोडला तर कागदावरचीच रक्कम मागता येते. नोंदणी झाली की सूची क्रमांक २, म्हणजे इंडेक्स टू, घ्या. आणि तिथं थांबू नका : तो कागद घेऊन ग्रामपंचायतीत नमुना ८ला आणि भूमी अभिलेखात मिळकत पत्रिकेला आपलं नाव लावून घ्या.

सख्यांनो, सुप्याच्या बाजारात लोकांनी कागद जाळले, कारण त्यांना ते वाचता येत नव्हते आणि त्यांच्या निशाणीवर दुसऱ्यांची घरं उभी राहत होती. आपल्याला वाचता येतं. जिला येत नाही तिच्या शेजारी गटातली दुसरी बसते. तेव्हा येत्या बैठकीला प्रत्येकीनं आपल्या राहत्या घराचा जो कागद असेल तो आणा. तो कोणत्या कार्यालयाचा आहे, कशासाठी आहे आणि त्यावर कोणाचं नाव आहे, एवढंच मिळून वाचू. कोणी घर घ्यायला निघाली असेल तर पैसे देण्याआधी तिचे कागदही त्याच सतरंजीवर मांडू.